प्रशिक्षणानंतरचे ज्ञान : बालआजारांचे व्यवस्थापन आणि गावपातळीवरील आरोग्यसेविका (१९७० ते २०१४)

प्रस्तावना

लहान मुलांच्या आजारांवर गावपातळीवर उपचार करणाऱ्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणानंतर कितपत ज्ञान असते, या विषयावर विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन वैद्यक व परिचर्या या शाखांतील अभ्यासकांचे असून त्याची पद्धत ठरून गेलेली आहे. प्रशिक्षणापूर्वी प्रश्नावली भरून घ्यावयाची, प्रशिक्षण द्यावयाचे, तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावयाची आणि दोन्ही वेळच्या गुणांतील फरक सांख्यिकीच्या कसोटीवर लक्षणीय ठरवावयाचा. गुण वाढलेलेच असतात. सकाळी जे सांगितले तेच सायंकाळी विचारल्यावर ते न वाढते तरच नवल. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. प्रशिक्षण घेऊन गावी परतलेली स्त्री सहा महिन्यांनी, भर पावसाळ्यात, नाल्याला पूर आलेला असताना, धाप लागलेल्या मुलापुढे बसली तेव्हा त्या ज्ञानाचे काय झाले, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा मागोवा प्रामुख्याने महाराष्ट्रातील दोन प्रयोगांच्या, म्हणजे जामखेड व गडचिरोली यांच्या, आधारे घेतला आहे. १९७७ ची केंद्र शासनाची योजना व २००५ नंतरचा ‘आशा’ कार्यक्रम यांचा विचार त्या अनुषंगाने येईल. बांगलादेश व केनिया येथील अनुभवांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे. सेविकेचे ज्ञान टिकले की विरले हे तिच्या शालेय शिक्षणावरून ठरले नाही. तिच्या हाती कोणते साधन व औषध होते, तिच्याकडे पुन्हा कोण आणि किती वेळा येत होते आणि तिला काय करण्याची मुभा होती, यांवरून ते ठरले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पूर्वपीठिका

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल सादर केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना या अहवालाने दृढ केली, ही त्याची मोठी देणगी आहे. परंतु याच अहवालाने अल्प मुदतीचे शिक्षण घेतलेल्या ‘लायसेन्शिएट’ वैद्यांची परंपरा संपवून एकाच दर्जाच्या पदवीधर डॉक्टरचा आग्रह धरला. तत्त्वतः तो योग्य वाटला तरी व्यवहारात पदवीधर डॉक्टर शहरात राहिला आणि खेड्यातील आजारी मूल वैदू, दाई व देवऋषी यांच्याकडे राहिले. ही पोकळी भरून काढण्यासाठी पुढे अनेक समित्या नेमल्या गेल्या. त्यांपैकी १९७५ च्या श्रीवास्तव समितीने समाजातूनच निवडलेल्या कार्यकर्त्यांच्या फळीची शिफारस केली. चीनमधील अनवाणी डॉक्टरांची ख्याती तोवर जगभर पसरलेली होती.

पंजाबमधील लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे कार्ल टेलर व त्यांचे सहकारी याच सुमारास निराळ्या मार्गाने जात होते. तेथे सहायक परिचारिकांना लहान मुलांच्या हगवणीवर व न्यूमोनियावर स्वतः उपचार करावयास शिकविण्यात आले आणि त्यांच्या हाती पेनिसिलिनचे इंजेक्शनही देण्यात आले. हे काम १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेली व्यक्ती बालकाचा न्यूमोनिया ओळखू शकते व त्यावर उपचार करू शकते, याचा भारतातील हा आरंभीचा आधार मानावयास हरकत नाही. मात्र नारंगवालच्या परिचारिका पगारी व प्रशिक्षित होत्या. गावातीलच, कधी निरक्षर असलेली स्त्री हे करू शकेल काय, हा प्रश्न तेथे सुटला नव्हता.

जामखेड : आठवड्याचा पाठ

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे आपला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अवर्षणग्रस्त, हंगामी स्थलांतराचा, जातीय उतरंड घट्ट असलेला हा प्रदेश होता. आरंभी त्यांनी गावोगावी परिचारिका ठेवून पाहिल्या, परंतु बाहेरून आलेली तरुण परिचारिका गावात रुळेना आणि गावही तिच्याशी मोकळेपणाने बोलेना. तेव्हा गावाने निवडलेल्या, मध्यम वयाच्या, बहुधा लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्याचा निर्णय झाला. त्यांत दलित स्त्रियाही होत्या.

या सेविकांचे शिक्षण एकदा देऊन संपविलेले नव्हते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, मुक्कामाला राहत, एकत्र जेवत आणि मग गावी परतत. हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला. शिक्षणाचा विषय पुष्कळदा त्यांच्या गावातील घडामोडींतूनच येई. कोणते मूल हगवणीने वाळले, त्याला साखर-मिठाचे पाणी दिले की नाही, आईने अंगावरचे दूध का बंद केले, कोणाच्या सासूने काय सांगितले, याची चर्चा होई आणि त्यातून पाठ घडे. गाणी व चित्रे ही त्यांची वही होती. प्रकल्पाच्या पाहणीसाठी येणाऱ्या तज्ज्ञांना निरक्षर स्त्री अतिसाराची लक्षणे सफाईने सांगते याचे नवल वाटे. वस्तुतः नवल वाटण्याजोगे होते ते तिला ती लक्षणे दर आठवड्यास पुन्हा सांगावी लागत, हे. एकत्र जेवण्या-राहण्याने जातिभेदाला जो धक्का बसला तो बालआरोग्याच्याही कामाचा ठरला. सवर्ण घरातील आजारी मुलाच्या उशाशी दलित सेविकेला बसता येणार नसेल, तर तिच्या ज्ञानाचा त्या मुलाला काय उपयोग?

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, केनेथ नेवेल यांनी संपादित केलेल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आले. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेची वैचारिक भूमी ज्या अनुभवांनी तयार केली त्यांत जामखेडची गणना होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाने जामखेडपासून ‘गावची आरोग्यसेविका’ ही कल्पना उचलली. आठवड्याचा पाठ मात्र फारसा कोणी उचलला नाही.

१९७७ ची योजना

त्याचा प्रत्यय लगेचच आला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता पक्षाच्या राजवटीत समाज-आरोग्य कार्यकर्त्यांची देशव्यापी योजना सुरू झाली. दर हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात दरमहा दोनशे रुपये विद्यावेतन, त्यानंतर दरमहा पन्नास रुपये मानधन आणि पन्नास रुपयांची औषधे असा तिचा आराखडा होता. पुढे कार्यकर्त्याचा ‘स्वयंसेवक’ झाला आणि १९८१ मध्ये ‘ग्राम-आरोग्य मार्गदर्शक’. नाव दोनदा बदलले, परंतु तीन महिन्यांनंतर शिक्षणाचे काय, याचे उत्तर कोणत्याही नावाखाली मिळाले नाही. औषधांचा पुरवठा अनियमित झाला. वैद्यक व्यावसायिकांच्या संघटनांनी ही भोंदू डॉक्टरांची पैदास असल्याचा आक्षेप घेतला आणि कार्यकर्ते स्वतः सेवेत कायम होण्यासाठी झगडू लागले.

बालआजारांच्या दृष्टीने या योजनेतील सर्वांत मोठी उणीव मात्र निवडीतच होती. प्रारंभी निवडले गेलेले बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष होते. बाळंतिणीच्या खोलीत, अंगावर पिणाऱ्या बाळापाशी त्यांना प्रवेश नव्हता. प्रशिक्षणात त्यांना जे काही शिकविले गेले ते वापरण्याची वेळच त्यांच्यावर क्वचित येई. न वापरलेले ज्ञान विसरले जाते, यात त्यांचा दोष मानता येत नाही. ग्रामीण भारतात पुरुष कार्यकर्त्याला नवजात बाळाविषयी शिकवून बालमृत्यू कमी होतील, असे ज्यांनी मानले त्यांच्या ज्ञानाची चाचणी मात्र कोणी घेतली नाही.

श्वास मोजण्याचे शास्त्र

दरम्यान न्यूमोनियाच्या निदानाविषयीच एक मूलभूत बदल घडून आला होता. तो समजल्याशिवाय गडचिरोलीचा प्रयोग समजत नाही. परंपरेने न्यूमोनियाचे निदान स्टेथोस्कोपने छातीतील आवाज ऐकून, आणि शक्य असल्यास क्ष-किरणाने, करीत. कानाला हे शिकविण्यास वर्षे लागतात. पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणारे फ्रँक शान व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी असे दाखविले की खोकणाऱ्या मुलाचा श्वास जलद चालत असेल, तर ती खूण न्यूमोनिया ओळखण्यास पुरेशी उपयोगी पडते. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार गंभीर समजावा. फुप्फुस सुजून ताठर झाले की मूल दीर्घ श्वास घेऊ शकत नाही, म्हणून ते उथळ व भराभर श्वास घेते, एवढी साधी शरीरक्रिया यामागे आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा निश्चित केल्या. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे या वयात चाळीस किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास.

या शोधाचा सामाजिक अर्थ फार मोठा होता. निदान कानाकडून डोळ्याकडे आले. मूल शांत असताना अंगरखा वर करून पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजणे, एवढेच आता करावयाचे होते. आयांना ही खूण पूर्वीपासूनच ठाऊक होती. विदर्भातील बोलीत मुलाला ‘डब्बा’ झाला, त्याचे पोट उडते, असे म्हणतात तेव्हा त्या स्त्रिया हीच जलद श्वासाची खूण सांगत असतात. त्या खुणेला संख्येची जोड मिळणे एवढे बाकी होते.

गडचिरोली : वाळू आणि मणी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली हा अरण्यमय व आदिवासीबहुल जिल्हा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. बालमृत्यूंच्या कारणांचा शोध घेताना न्यूमोनियाचा वाटा फार मोठा असल्याचे त्यांना दिसून आले. त्यांनी ५८ गावांत उपचारांची व्यवस्था उभी केली आणि ४४ गावे तुलनेसाठी निवडली. उपचार करणारे तीन प्रकारचे होते : निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि पारंपरिक दाया. औषध एकच, कोट्रायमॉक्साझोल.

१९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले या प्रयोगाचे निष्कर्ष आजही वाचनीय आहेत. न्यूमोनिया झालेल्या ६१२ मुलांवर उपचार झाले व त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगाच्या गावांत हजारी ८.१ तर इतर गावांत १७.५ होते. अर्भकमृत्युदर अनुक्रमे ८९ व १२१ इतका आढळला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका निष्कर्ष या संख्यांच्या आड दडलेला आहे. तिन्ही प्रकारच्या उपचारकांच्या हाती आलेल्या मुलांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक नव्हता. ज्याने शाळा-प्रशिक्षणाची पायरी चढली होती तो कर्मचारी आणि जिने अक्षर ओळखले नव्हते ती दाई, दोघांच्याही हातून मुले सारखीच वाचली.

हे कसे शक्य झाले? दायांची अडचण साठपर्यंत मोजण्याची होती. मिनिट म्हणजे किती, हेही घड्याळ न वापरणाऱ्या स्त्रीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. यावर ‘सर्च’ने काढलेला तोडगा म्हणजे श्वासमापक. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व त्याच्या जोडीला तारेत ओवलेले मणी, अशी त्याची रचना. लहान बाळासाठी एक ओळ व मोठ्या मुलासाठी दुसरी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर बोट आले तर न्यूमोनिया. दहाच्या पुढे मोजणे नाही, मर्यादा पाठ करणे नाही, वयाचा हिशेब ओळीतच बसविलेला. या साधनाविषयीचा लेख १९९२ मध्ये एका भारतीय बालवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अशा दाईला लेखी चाचणीत ‘दोन महिन्यांच्या आतील बाळाचा जलद श्वास म्हणजे मिनिटाला किती?’ असा प्रश्न विचारला असता तर तिला शून्य गुण मिळाले असते. तिचे ज्ञान तिच्या स्मरणात नव्हते, तर तिचे डोळे, बोटे, वाळू व मणी यांच्या एकत्रित व्यवहारात होते. ज्ञानमीमांसेच्या अभ्यासकांनी या मण्यांकडे अवश्य लक्ष द्यावे, असे सुचवावेसे वाटते.

पुढील टप्पा अधिक धाडसाचा होता. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत होणारे मृत्यू रुग्णालयाविना कमी करता येत नाहीत, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. १९९३ पासून ३९ प्रयोगगावे व ४७ तुलनेची गावे घेऊन ‘सर्च’ने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातील स्त्रिया, ज्यांना आज ‘आरोग्यदूत’ म्हटले जाते, बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ तपासत, वजन व तापमान घेत आणि नोंद करीत. बाळाचे रडणे क्षीण झाले, त्याने अंगावर पिणे कमी केले वा सोडले, ते मलूल झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास जलद झाला, अशा ठरावीक लक्षणांपैकी काही एकत्र दिसल्यास जंतुदोष समजून आईवडिलांच्या संमतीने त्या जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने कोट्रायमॉक्साझोल देत. जंतुदोष झालेल्या नवजात बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आले.

दर पंधरवड्याच्या आसपास प्रशिक्षित पर्यवेक्षक गावात येऊन प्रत्येक बाळाची नोंद पडताळत असे, ही गोष्ट या यशाच्या वर्णनांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. जामखेडला सेविका पाठासाठी जाई, गडचिरोलीत पाठ सेविकेकडे येई, एवढाच फरक.

चाचणी कोणाची?

प्रशिक्षणानंतरचे ज्ञान मोजण्याच्या रूढ पद्धतीला बांगलादेशात एक वेगळाच पर्याय पुढे आला होता. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे मिश्रण तोंडाने देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले, ही घटना सुपरिचित आहे. तीच विद्या घरोघर पोहोचविण्यासाठी ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात स्त्री-कार्यकर्त्यांना गावोगाव पाठविले. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व ठरावीक पाणी यांचे मिश्रण प्रत्येक आईकडून प्रत्यक्ष करवून घ्यावयाचे आणि लक्षात ठेवण्याच्या दहा गोष्टी शिकवावयाच्या. एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांपर्यंत हे काम गेले. महिन्याभराने दुसराच माणूस काही निवडक घरी जाऊन आईला काय आठवते ते विचारी व मिश्रण करवून पाही. शिकविणाऱ्या कार्यकर्तीचे वेतन त्या उत्तरांवर ठरे. महाविद्यालयांतील प्राध्यापकांना अशी वेतनश्रेणी लागू झाल्यास काय होईल, हा विचार क्षणभर अस्वस्थ करणारा आहे.

तरीही तेथे एक पेच निर्माण झाला. आयांना सर्व आठवत होते, पण मूल आजारी पडल्यावर मिश्रण फार थोड्या जणी देत होत्या. शोध घेता असे दिसले की शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या मिश्रणावर पुरेसा विश्वास नव्हता आणि स्वतःला हगवण लागली की त्या गोळी घेत. त्यांना या उपचारामागचे शास्त्र नव्याने समजावून द्यावे लागले. ज्ञान, विश्वास आणि व्यवहार यांच्यातील हे अंतर कोणत्याही प्रश्नावलीत दिसले नसते.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची पद्धत आणली. खोकला, हगवण, ताप, कान, कुपोषण यांचे वेगवेगळे कार्यक्रम एकत्र करून लाल-गुलाबी, पिवळा व हिरवा अशा रंगांच्या तक्त्यावर प्रत्येक मुलाचे वर्गीकरण करावयाचे, अशी ती रीत. भारताने २००० नंतरच्या वर्षांत तिच्यात नवजात बाळाची भर घालून ती स्वीकारली व परिचारिका तसेच अंगणवाडी सेविका यांच्यासाठी आठ दिवसांचे प्रशिक्षण ठरविले. या पद्धतीत तक्त्याची पुस्तिका मुलासमोर उघडून बसणे अपेक्षित आहे. असे असता त्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन पुस्तिका मिटवून, स्मरणावर आधारित प्रश्नांनी करणारे अभ्यास पुष्कळ आढळतात, हे आश्चर्य होय. केनियाच्या सियाया जिल्ह्यातील, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्यकर्त्यांना प्रत्यक्ष मुले तपासताना पाहिले गेले. हिवतापावर उपचार त्यांनी दहातील नऊ वेळा योग्य केले, परंतु गंभीर आजारी मुलांच्या बाबतीत त्या अडखळल्या. याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. हिवतापाचे मूल त्यांच्यासमोर रोज येई, अत्यवस्थ मूल क्वचित येई. आणि चूक सर्वांत महाग पडते ती याच क्वचित येणाऱ्या मुलाच्या बाबतीत. प्रशिक्षणाचे दिवस आजाराच्या वारंवारतेनुसार वाटावयाचे की धोक्यानुसार, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रशासकीय नाही.

इतिहासाच्या दृष्टीने या चाचण्यांवर आणखी एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. ‘योग्य उत्तर’ ही स्वतःच एक ऐतिहासिक वस्तू आहे. जलसंजीवनीचे मूळ सूत्र २००२ मध्ये बदलून क्षार व साखर कमी करण्यात आली. २००४ मध्ये हगवणीच्या उपचारात झिंकची भर पडली. न्यूमोनियासाठी कोट्रायमॉक्साझोलची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली. छाती आत ओढली जाणाऱ्या मुलाला तातडीने रुग्णालयात धाडावे, हे वर्षानुवर्षे पढविलेले उत्तर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बदलले आणि अन्य धोक्याची लक्षणे नसल्यास आरोग्य केंद्रात तपासून, तोंडाने घ्यावयाचे अमॉक्सिसिलिन देऊन घरी उपचार करणे मान्य केले. तेव्हा एखाद्या सेविकेचे ‘चुकीचे’ उत्तर हे पुष्कळदा तिच्या आधीच्या प्रशिक्षणाचे अचूक उत्तर असते. ती विसरली नसून तिला नवे कोणी सांगितले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. अशा अभ्यासांतील टक्केवारी वाचताना प्रशिक्षण कोणत्या वर्षीचे व उत्तरपत्रिका कोणत्या वर्षीची, हे आधी पाहिले पाहिजे. साधनचिकित्सेचा हा नियम आपण ताम्रपटांना लावतो, मग तो प्रश्नावलींना न लावण्याचे कारण दिसत नाही.

आशा आणि इंजेक्शनचा प्रश्न

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ हे पद अस्तित्वात आले. छत्तीसगडमधील २००२ चा मितानिन कार्यक्रम हे त्याचे एक नजीकचे पूर्वरूप. १९७७ च्या योजनेशी तुलना करता दोन बदल स्पष्ट आहेत : आशा स्त्रीच असते आणि तिचे प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या वर्षात तेवीस दिवस, पुढे सहाव्या व सातव्या पुस्तिकांसाठी चार फेऱ्यांत वीस दिवस. याच पुस्तिकांत नवजात व बालआजारांचे कौशल्य आले. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली व दवाखान्यात प्रसूती झाल्यास सहा, घरी झाल्यास सात भेटी ठरल्या. सर्व भेटी पूर्ण केल्यास आशाला अडीचशे रुपये मिळावयाचे होते. गडचिरोलीच्या झोपडीत तपासून पाहिलेली पद्धत देशाच्या धोरणात आली, हे निर्विवाद आहे.

मात्र ती संपूर्ण आली नाही. भेटी, वजनकाटा, तापमापक व नोंदीचा अर्ज आला, पण जेंटामायसिनचे इंजेक्शन आशाच्या हाती आले नाही. २०१४ मध्ये केंद्र शासनाने, आजारी बाळाला रुग्णालयात नेणे शक्य नसल्यास, परिचारिकेने जेंटामायसिन द्यावे अशी तरतूद केली. आशाने बाळ ओळखावे, पहिला तोंडी डोस द्यावा व पुढे पाठवावे, अशी विभागणी झाली. या निर्णयामागील सावधगिरी समजण्यासारखी आहे. लाखो कार्यकर्त्यांच्या हाती सुई देण्याचा धोका एकोणचाळीस गावांतील धोक्याहून वेगळा आहे, प्रतिजैविकांच्या गैरवापराची भीतीही खोटी नाही. परंतु उपकेंद्रातील परिचारिका पाच-सहा गावे सांभाळते आणि नवजात बाळाचा जंतुदोष तासांच्या हिशेबाने वाढतो. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे ज्ञान आणि मुभा यांची फारकत झाली. जंतुदोषाची लक्षणे ओळखावयास शिकविलेली, पण त्यावर पूर्ण उपाय करण्याची मुभा नसलेली स्त्री ती लक्षणे शोधण्यात हळूहळू मंदावते. जे ओळखून आपल्या हाती फारसे काही नसते, त्याकडे नजर जाणे कमी होते. रुग्णालयात नेण्यास घरचे तयार नसतील तर तिला केवळ आर्जव करणे उरते.

प्रशिक्षणासोबत औषधे, पर्यवेक्षण, मोबदला व स्त्रियांचे गट यांची जोड दिल्यास काय घडते, याचा पुरावा हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यात १८ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात झालेल्या प्रयोगाने दिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार अर्भकमृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते. गडचिरोलीच्या तुलनेत ही घट लहान वाटते. मात्र गडचिरोलीत एका संस्थेचे वर्षानुवर्षांचे अवधान होते, तर फरिदाबादेत शासकीय यंत्रणेतूनच काम झाले, हा संदर्भ सोडून दोन्ही आकडे शेजारी ठेवणे अन्यायाचे ठरेल. स्वयंसेवी प्रयोगाचा शासकीय कार्यक्रम होताना काय गळते याचा अभ्यास आपल्याकडे अर्थशास्त्राच्या व लोकप्रशासनाच्या विभागांत व्हावयास हवा होता, तो अद्याप बव्हंशी वैद्यकीय नियतकालिकांवरच सोपविलेला आहे.

या विषयाची प्राथमिक साधने मात्र आपल्या जवळच आहेत. २०११ नंतर प्रत्येक नवजात बाळाच्या घरी आशाने भरावयाचा भेटीचा अर्ज हा अशा साधनांत अग्रगण्य होय. त्यात वजन, तापमान, बाळ अंगावर कसे पिते, अंग सैल पडले आहे काय, अशा नोंदी आशाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, तारखेसह असतात. पहिल्या वर्षीचे अर्ज व पाचव्या वर्षीचे अर्ज शेजारी ठेवून पाहिल्यास तापमानाचा रकाना खरोखर मोजून भरला आहे की सर्वत्र एकच आकडा आहे, आजारी बाळाच्या भेटी वाढल्या की नाहीत, पर्यवेक्षिकेची सही कोणत्या महिन्यांत आहे व कोणत्या महिन्यांत नाही, हे वाचता येईल. बाळाचे व कुटुंबाचे नाव झाकून, आरोग्य विभागाच्या परवानगीने, महाविद्यालयाच्या परिसरातील एखाद्या उपकेंद्राचे असे अर्ज इतिहास व समाजकार्य या विभागांनी मिळून वाचावयास घेतल्यास पदव्युत्तर वर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांना एका वर्षाचे काम सहज मिळेल. अर्ज रद्दीत जाण्यापूर्वी ते सुरू व्हावयास हवे.